एक मात्रा कमी

आम्ही केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत राहायला गेलो, तेव्हा आमची बातमी आमच्याआधी तिथे पोचलेली होती. गावाला स्वतःचं एक लहानसं रेडिओ स्टेशन होतं. बँकेच्या वर दोन खोल्या आणि बोलणारा माणूस एकच. कोण वारलं, कुणाचा कुत्रा हरवला, कुणाला जुना ट्रॅक्टर विकायचा आहे, हे सगळं तोच सांगायचा. हवामानही तोच सांगायचा, आणि ते तो खिडकीतून बाहेर बघून सांगतो हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याने एका सकाळी जाहीर केलं की हॉस्पिटलमध्ये नवे डॉक्टर येताहेत, फार लांबून येताहेत, बरोबर बायको आणि लहान मुलगी आहे, आणि त्या बाईंना बहुतेक घरची फार आठवण येत असेल, तेव्हा शेजाऱ्यांनी जरा लक्ष द्यावं.

मला घरची आठवण वगैरे काही येत नव्हती. मला राग आला होता. डॉक्टर मिळत नाहीत अशा गावात काही वर्षं काम केलं की अमेरिकेत कायम राहायची सोय होत होती, म्हणून नवऱ्याने ही नोकरी घेतली होती. नकाशावर त्याने मला गाव दाखवलं तेव्हा तिथे नुसता हिरवा रंग होता. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ओळखीची मराठी मंडळी सगळी मोठ्या शहरांच्या आसपास घरं घेत होती, आणि माझ्या वाट्याला आली होती एक दरी, एक ओढा आणि ओढ्याकाठी ओळीने उभी असलेली लाकडी घरं. कॅरी शहरात राहणारी माझी मैत्रीण फोनवर म्हणाली, "यार, वीकेंडला तू करणार काय तिथे? कल्चर वगैरे काही आहे का तिकडे?" मी म्हटलं, "आहे ना. कोण वारलं ते रेडिओवर सांगतात."

रेडिओ ऐकून पहिल्या आल्या त्या शेजारच्या काकू. उंच, हाडकुळ्या, हातात ॲपल पाय. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तू काही रडलेली दिसत नाहीस." मी म्हटलं, नाही रडले. "मग घाई नाही, ॲपल पाय गार झाला तरी चालेल," असं म्हणून त्या खुर्ची ओढून बसल्या. तिथपासून आमचं जमलं. त्यांच्या घरी एका मोठ्या पातेल्यात वालासारख्या दाण्यांची पातळ उसळ दिवसभर शिजत असायची, आणि तिच्याबरोबर लोखंडी तव्यात भाजलेली मक्याची जाड भाकरी आणि कच्चा कांदा. मी अमरावतीची. मला याहून वेगळं काय हवं होतं?

गावाशी ओळख मात्र कोथिंबिरीने करून दिली. रेडिओवर रोज दुपारी कुणाला काय हवं, कुणाकडे काय जास्तीचं आहे, ते फोन करून सांगायचा कार्यक्रम असे. मी फोन केला आणि म्हटलं, ताजी कोथिंबीर हवी आहे. निवेदकाने ते नाव जन्मात ऐकलं नव्हतं. त्याने मला तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, ती दिसते कशी ते विचारलं. मी वर्णन केलं: हिरवी, नाजूक देठाची, कातरलेल्या पानांची, वासाची. संध्याकाळपर्यंत आमच्या पोर्चवर कागदी पिशव्यांची रांग लागली. गाजराचा पाला आला, पुदिना आला, रानलसूण आली, आणि एक जुडी अशी आली की नवऱ्याने ती हातमोजे घालून उचलून टाकली. कोथिंबीर सोडून सगळं आलं. पुढे कित्येक महिने दुकानात अनोळखी माणसं मला थांबवून विचारायची, मिळाली का म्हणून. माझा राग त्या पिशव्यांनीच घालवला.

काकूंचे यजमान कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. बोलायला संथ आणि हसायला त्याहून संथ. रोज संध्याकाळी पोर्चवर खुर्ची टाकून ते फिडल वाजवायचे. म्हणजे व्हायोलिनच, पण व्हायोलिन म्हटलं की ते शहरातलं झालं, असं तिथल्या लोकांना वाटायचं. ते हनुवटीखाली न धरता छातीला टेकवून धरायचे. आमच्या घरात पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव 'बुवा' पडलं, कारण गाणंबजावणं करणाऱ्या वयस्कर माणसाला आम्ही दुसरं काय म्हणणार? ते मला 'मिसेस डॉक' म्हणायचे.

बुवांना पुष्कळ धुना येत होत्या, पण एक धून रोज शेवटी यायची. ती त्यांच्या वडिलांची. तिचे दोन भाग होते, एक खालच्या सुरांतला आणि एक वरच्या. खालचा भाग सोळा मात्रांत चोख बसायचा. वरचा भाग सुरेख चढायचा, वळायचा, परत खाली यायला निघायचा, आणि ऐन समेच्या तोंडावर बुवा एक मात्रा खाऊन टाकायचे. शेवटच्या मात्रेला जागाच न देता सरळ समेवर उडी.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण रोज व्हायचं, आणि रोज त्याच जागी. मी लहानपणापासून गाणं शिकले होते. आमचे मास्तर अगदी मवाळ गृहस्थ, पण त्यांच्या हातातली लाकडी पट्टी मवाळ नव्हती. गाण्यात मी काही मोठी झाले नाही, पण दोन खोडी मला कायमच्या लागल्या. एक म्हणजे कानावर काहीही पडलं की डोक्यात त्याची सरगम होते, मग ती दाराची घंटा असो की ॲम्ब्युलन्स. आणि दुसरी, मात्रा चुकलेली मला सहन होत नाही. पोळ्या लाटताना मी त्या जागेची वाट बघत राहायचे, आणि ती आली की माझं लाटणं हवेतच राहायचं.

शेवटी मी कुंपणापाशी गेले आणि म्हटलं, "तुमच्या त्या शेवटच्या धुनेत एक मात्रा कमी पडते."

बुवांनी फिडल मांडीवर ठेवलं. "पडते ना."

"मग?"

"माझे वडील ती धून रचत होते ना," बुवा म्हणाले, "तेव्हा नेमकं तिथे त्यांना गांधीलमाशी चावली."

मी घरी येऊन नवऱ्याला हे अगदी गंभीरपणे सांगितलं. पुढच्या आठवड्यात बुवांनी नवऱ्याला सांगितलं की वडील खेचरावर बसून वाजवत होते आणि त्या जागी खेचर ओढ्यात उतरलं. पोस्टातल्या बाईंना त्यांनी सांगितलं होतं की नेमक्या त्या मात्रेला काकूंची सासू दारावरून गेली, त्या काळी ती कुणाची सासू नव्हती, आणि वडिलांचं भान हरपलं. यांतलं काहीही सांगताना ते हसले नाहीत. तिथल्या डोंगरांत थाप मारणं ही कला होती, आणि सांगणाऱ्याचा चेहरा हलला की ती बिघडली असं समजत. ऐकणाऱ्यानेही खरं-खोटं विचारायचं नसतं. मी विचारत होते, म्हणून बुवांना मी फार आवडायचे, असं काकू म्हणाल्या.

अशा धुनेला ते लोक 'वाकडी' म्हणत. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. मला वाटे.

शुक्रवारी संध्याकाळी न्हाव्याच्या सलूनमध्ये वाजवणारी मंडळी जमत. खुर्च्या भिंतीला लावून बँजो, गिटार, फिडल. नवरा एकदा तबला घेऊन गेला. त्याने कॉलेजात तबला वाजवला होता, म्हणजे गणपतीत आरतीला साथ केली होती. सगळ्यांनी त्याचं फार कौतुक केलं. मग बुवांनी वडिलांची धून काढली. वरच्या भागात त्या जागेला नवऱ्याचा हात समेसाठी वर गेला आणि खाली आला तेव्हा बुवा पुढे निघून गेलेले होते. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो आधीच सावध होता, आणि सावधपणामुळे दोन मात्रा लवकर आला. घरी येताना गाडीत तो म्हणाला, "मी तिथे फॉल होतो गं, एक्झॅक्टली तिथेच. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं होतं." मी म्हटलं, "अहो, तुमचं नाही चुकत. त्यांचं चुकतं."

गावातली तरुण पोरं माझ्यासारखीच वैतागलेली होती, कारण त्या धुनेवर नाचणाऱ्या जोड्यांचे पाय एकमेकांत अडकायचे. त्यांनी ती सरळ करून घेतली. त्या जागी एक सूर लांबवला, सोळा मात्रा भरल्या, आणि शनिवारी सकाळी रेडिओवर गाववाल्यांच्या वाजवण्याचा कार्यक्रम असे, त्यात पोरं ती तशी वाजवायला लागली. मला मनातून बरं वाटलं. अखेर कुणीतरी शहाणं निघालं म्हणायचं. बुवा त्यांच्यावर रागावले नाहीत. सलूनमध्ये पोरं ती सरळ धून वाजवत असली की ते फिडल मांडीवर ठेवून ऐकत बसत. "छान वाजवतात," ते मला म्हणाले. "ही माझ्या वडिलांची धून नाही. तिची चुलत बहीण आहे. पण चांगल्या घरची आहे."

नवऱ्याने नवीन टेपरेकॉर्डर घेतला होता. तो त्यांना म्हणाला, तुमची धून टेप करून ठेवू. बुवा नको म्हणाले. टेप झाली की पोरं ती ऐकून शिकतील, मग पोर्चवर कोण येईल, आणि आलेल्यांना गांधीलमाशीची गोष्ट कोण सांगेल, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने टेपरेकॉर्डर परत पिशवीत ठेवला.

माझी पंचाईत वेगळीच झाली. मुलीला झोपवताना मी ती धून सरगम करून गुणगुणायला लागले होते. आधी मी हट्टाने सोळा मात्रांत म्हणत असे. पण खिडकीतून बुवांचं फिडल ऐकू यायचं, त्या जागेला मी मागे राहायचे आणि दोघांच्या ओढाताणीत मुलगी टक्क जागी व्हायची. शेवटी मीच माघार घेतली आणि बुवांसारखी म्हणायला लागले. दर वेळी ती मात्रा गिळताना मला त्रास व्हायचा. मुलगी मात्र लगेच झोपायची.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एका हिवाळ्याच्या सुरुवातीला बुवांना अर्धांगवायूचा झटका आला. सौम्य होता. नवऱ्यानेच त्यांना हॉस्पिटलमध्ये बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओने सांगितलं की ते शुद्धीवर आहेत आणि भेटायला येणाऱ्यांनी जेवण हॉस्पिटलमध्ये न आणता घरी काकूंकडे द्यावं. काकूंच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला जागा उरली नाही, इतकं जेवण आलं. मी मुगाची खिचडी नेली. काकू म्हणाल्या, एवढी एकच गोष्ट आली जी आजारी माणूस खाऊ शकेल.

बोलणं लवकर परतलं, चालणंही. डाव्या हाताची बोटं हळूहळू वळायला लागली. त्या सगळ्या महिन्यांत बुवा खाटेवर पडून रेडिओ ऐकत होते, आणि शनिवारी पोरं त्यांच्या मानासाठी त्यांच्या वडिलांची धून आवर्जून वाजवत. फेब्रुवारीत त्यांनी फिडल हातात घेतलं. सूर डळमळत होते, पण येत होते. मी खिडकीत उभी राहून ऐकत होते आणि मला फार आनंद झाला होता. वरचा भाग आला, चढला, वळला, आणि त्या जागेला सम अगदी वेळेवर आली. सोळा मात्रा. एकही कमी नाही.

इतकी वर्षं जे मला हवं होतं ते झालं होतं, आणि मला ते मुळीच नको होतं.

बुवा थांबले. परत वाजवलं. परत सोळाच. मग फिडल पेटीत ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर रोज हेच. एकदा-दोनदा वाजवायचं, थांबायचं, पेटी बंद.

काकू माझ्याकडे आल्या. बसल्या, पण कॉफीला हात लावला नाही. "त्याला कळतंय की ही ती नाही," त्या म्हणाल्या. "पण काय बिघडलंय ते त्याला सापडत नाही. पोरांना विचारलं, तर ती म्हणतात, कुठेतरी वाकडी होती, पण नेमकी कुठे ते आता आम्हालाही आठवत नाही. मला विचारतो. मी काय सांगू? लग्न झाल्यापासून ऐकतेय, पण आपण फ्रिजचा आवाज ऐकतो तशी ऐकलीय." मग त्यांनी खरं दुखणं सांगितलं. मे महिन्यात एका रविवारी तिथली कुटुंबं आपापल्या दफनभूमीवर चढून जातात, थडगी साफ करतात, फुलं ठेवतात आणि तिथेच पंगत मांडून जेवतात. बुवांचे वडील वरच्या टेकडीवर पुरलेले होते, आणि दर वर्षी जेवणानंतर बुवा त्यांच्यापाशी ती धून वाजवत. "यंदा म्हणतो, नीट आली नाही तर तिथे वाजवणार नाही. आणि तिथे वाजवली नाही तर परत फिडल धरणार नाही. मी त्याला ओळखते. फिडल सुटलं तर हा खुर्चीत बसून राहील. आणि खाणीतली जी माणसं खुर्चीत बसून राहतात, ती फार दिवस बसत नाहीत."

त्यांना मी तेव्हाच सांगू शकले असते. पण बुवांच्या धुनेची दुरुस्ती मी काकूंच्या हाती पाठवावी, हे मला बरं वाटेना. मी म्हटलं, "त्यांना माझ्याकडे पाठवा."

बुवा दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फिडलची पेटी. टोपी काढली आणि म्हणाले, "मिसेस डॉक, तू मला एकदा म्हणाली होतीस की माझ्या धुनेत काहीतरी कमी आहे. कुठे कमी आहे ते सांग."

मी त्यांना खुर्ची दिली, गॅस बंद केला आणि टेबलावर ताल धरून म्हणायला लागले. बुवा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हे तू म्हणतेस काय?" मी सांगितलं, सुरांची नावं. "आमच्याकडे सुरांना नावं नसतात," ते म्हणाले, "धुनेला असतं." मी म्हटलं, "नाव नसलं की हाक कशी मारणार? म्हणून तर हरवलं तुमचं." यावर ते हसले, आजारपणानंतर पहिल्यांदा.

ती जागा आली. मी मात्रा खाल्ली आणि समेवर गेले. बुवांनी डोळे उघडले. "परत," ते म्हणाले. मी परत म्हटलं. "परत." तिसऱ्यांदा त्यांनी मान हलवली, पण ते खुश नव्हते. "असेल," ते म्हणाले. "कानाला बरं वाटतंय. पण बोटांना आठवत नाही."

मग आमची शिकवणी सुरू झाली. रोज दुपारी मुलगी झोपली की बुवा यायचे. त्यांची बोटं पोरांच्या वळणावर गेलेली होती, त्या जागेला आपोआप सूर लांबवायची. मी टेबलावर थाप मारून थांबवायचे. "चूक. इथे रेंगाळायचं नाही." ते मुकाट्याने परत सुरू करायचे. माझ्यातले मास्तर असे काही जागे झाले की नवरा म्हणाला, "अगं, पेशंट आहे तो माझा, बीपी वाढवशील." बुवांना मात्र ते आवडत असावं, कारण ते उशिरा कधी आले नाहीत. मधूनच दमले की एखादी गोष्ट सांगायचे. खेचर आता ओढ्यात उतरून पलीकडच्या काउंटीपर्यंत वाहत गेलं होतं.

एप्रिलमध्ये एक दिवस धून आली. पूर्ण, दोन्ही भाग, आणि उडी त्या जागी. पण बुवांनी फिडल खाली ठेवलं आणि विचारलं, "तुला खात्री आहे?"

खात्री मला होती. त्यांनी विचारल्यावर ती डळमळली. मी ती इतक्या वेळा म्हटली होती की खरं त्यांचं कुठलं आणि माझं कुठलं, तेच मला कळेना. त्या चार-पाच सुरांत मी नकळत काही आमच्या मास्तरांचं मिसळलं असेल तर? अमरावतीचं काहीतरी मी या माणसाच्या बापाच्या नावावर खपवत असेन तर? त्या रात्री जेवणानंतर मी नवऱ्याला विचारलं, तर तो हात पुसत म्हणाला, "मला काय येतं? मी तर तिथे फॉल व्हायचो." आणि तो बोलता बोलता थांबला. मीही थांबले.

दुसऱ्या दिवशी तो क्लिनिकमधून दुपारीच घरी आला, कपाटावरून तबला काढला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसला. मी बुवांना म्हटलं, वाजवा. नवऱ्याने साधा ठेका धरला. खालचा भाग गेला. वरचा भाग आला, चढला, वळला. नवऱ्याचा हात समेसाठी वर गेला, खाली आला, आणि बुवा पुढे निघून गेलेले होते.

"पडलो," नवरा म्हणाला. "हंड्रेड परसेंट. तिथेच."

त्याने हे मराठीत म्हटलं होतं, पण बुवांना भाषांतर करून सांगावं लागलं नाही. त्यांनी धून न थांबवता पुढे चालू ठेवली, तीन वेळा, चार वेळा, आणि दर वेळी नवरा पडला. मुलगी झोपेतून उठून दारात येऊन उभी राहिली. आम्ही तिघंही तेव्हा हसत होतो आणि बुवांच्या नाकाच्या शेंड्यावरून डोळ्यांतलं पाणी गळत होतं.

मे महिन्यातल्या त्या रविवारी टेकडी चढायला बुवांना वेळ लागला, पण चढले. वर गवत कापलेलं होतं, थडग्यांवर कागदाची आणि प्लॅस्टिकची फुलं होती, आणि झाडाखाली फळ्या टाकून केलेल्या टेबलावर अख्ख्या खोऱ्याचा स्वयंपाक मांडलेला होता. मी बटाट्याची पिवळी भाजी नेली होती. ती सगळ्यांत आधी संपली, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. जेवणाआधी गाणं झालं. एक म्हातारा पुढे उभा राहून एक ओळ भराभर सांगायचा आणि मग सगळी माणसं ती ओळ संथ लांबवत म्हणायची. वाद्य कुठलंच नव्हतं. तिथल्या काही चर्चवाल्यांना फिडल चालत नसे, म्हणून ती मंडळी खाली उतरेपर्यंत वाजवणारे थांबत. कुणी कुणाला तसं सांगत नसे.

मग पोरांनी दोन धुना वाजवल्या. प्रत्येक धून संपली की तो ओळ सांगणारा म्हातारा विचारायचा, "कुणाकडून घेतलीस?" आणि वाजवणारा सांगायचा. एकाने आजीचं नाव सांगितलं. एकाने ओढ्यापलीकडच्या एका आंधळ्या माणसाचं. त्या लोकांत धून कुणाकडून घेतली ते सांगितल्याशिवाय ती वाजवून झाली असं धरत नसत.

बुवा वडिलांच्या दगडाशेजारी उभे राहिले. काठी काकूंनी धरली होती. एका पोराने गिटार उचललं, तर बुवा म्हणाले, "हात खाली ठेव बाबा, तू पडशील." आणि त्यांनी सुरू केलं. डावा हात अजून पूर्वीसारखा चालत नव्हता, वरच्या भागात एक सूर निसटला. जागा आली आणि ते त्यावरून असे सहज गेले की जणू तिथे कधी काही अडचण नव्हतीच. काकू माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हीच. आता ओळखली मी." ती खाल्लेली मात्रा मला तेव्हाही खटकली, आणि आजही खटकते. पण ती भरून काढून धून मला ऐकवली तर मी उठून जाईन.

वाजवून झालं. बुवांच्या वडिलांची धून कुणाची हे त्या टेकडीवर प्रत्येकाला माहीत होतं, तरी म्हाताऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाकडून घेतलीस?"

"एकदा माझ्या वडिलांकडून," बुवा म्हणाले. मग त्यांनी फिडलचा गज माझ्या दिशेने केला. "आणि एकदा मिसेस डॉककडून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला रडू आवरलं नाही आणि मी आवरायचा प्रयत्नही केला नाही. शेजारी नवरा उभा होता. गुरूचं नाव निघालं की आपल्याकडे गवई धरतात, तशी त्याने आपल्या कानाची पाळी धरली. त्याला माझी थट्टा करायची होती, हे मला माहीत आहे. पण तो हात त्याने बराच वेळ खाली घेतला नाही.